हार्मोनच्या गोळ्या आणि मेंदू: मूड, स्मरणशक्ती, डोकेदुखी

रेणुका_नाशिक

पाळी पुढेमागे होते, हनुवटीवर केस आले, सोनोग्राफीत पीसीओडी (हार्मोन बिघडल्याने होणारा अंडाशयाचा त्रास) दिसलं, की आपल्याकडे अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीच्या हातात गोळ्यांचं पाकीट पडतं. ती एकत्रित गर्भनिरोधक गोळी असते. घरात तसं कुणी बोलत नाही, आणि मुलीलाही पुष्कळदा ते नेटवर नाव टाकल्यावरच कळतं. गायनॅक वजन घेतात, बीपी बघतात, शुगर-थायरॉईड करायला लावतात. ते योग्यच आहे. पण "या गोळीवर मन उदास राहायला लागलं, विनाकारण रडू आलं, तर मला येऊन सांग" हे एक वाक्य ऐकलेल्या मुली मला फार कमी भेटल्या. हा धागा त्यासाठी.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. शरीरविज्ञानात एमएस्सी आहे, डॉक्टर नाही. अंतःस्रावी ग्रंथींचा धडा झाला की एखाददुसरी मुलगी तासानंतर रेंगाळते आणि हळूच विचारते, "मॅडम, गोळी चालू केल्यापासून वाचलेलं डोक्यात राहत नाही. गोळीमुळे असेल का?" एकीने कंपासपेटीतून पाकीट काढून दाखवलं. एकवीस गोळ्या, प्रत्येकीजवळ वाराचं नाव, क्रम दाखवणारे बाण, आणि काही वारांवर तिने पेनने मारलेल्या बारीक फुल्या. कारण नसताना रडू आलं ते दिवस. घरी सांगितलं तर "परीक्षेचं टेन्शन आहे" म्हणून विषय संपला होता.

त्या फुल्या बघून मी नीट वाचायला घेतलं. जे हाती लागलं ते मांडते.

पहिली गोष्ट म्हणजे गोळी काम करते तीच मुळी मेंदूतून. गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट वर आला की पंप बंद होतो, तसं रक्तातलं हार्मोन पुरेसं आहे असं मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला वाटलं की तो खालच्या पिट्युटरी ग्रंथीला निरोप पाठवणं कमी करतो. मग पिट्युटरीची एफएसएच आणि एलएच ही हार्मोनं वर चढत नाहीत आणि बीजांड बाहेर पडत नाही. गोळीतलं इथिनाइल इस्ट्राडायोल (कृत्रिम इस्ट्रोजेन) आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम हार्मोन) हेच काम करतात. त्यामुळे बाईचं स्वतःचं इस्ट्राडायोल आणि प्रोजेस्टेरॉन महिनाभर खालीच राहतं. शिवाय यकृतात एसएचबीजी नावाचं प्रथिन जास्त तयार होतं, ते टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवतं, म्हणून पुरळ आणि केस कमी होतात.

आता या हार्मोनांचे रिसेप्टर, म्हणजे त्यांना पकडणाऱ्या जागा, फक्त गर्भाशयात नसतात. आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पसमध्ये असतात, निर्णय आणि भावना सांभाळणाऱ्या पुढच्या भागातही असतात. प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात ॲलोप्रेग्नॅनोलोन बनतं, ते मेंदूतल्या 'गाबा' रिसेप्टरवर काम करून मन शांत करतं. मूळ प्रोजेस्टेरॉनच कमी झालं की हेही कमी होतं. कुणाला त्याने काहीच फरक पडत नाही, कुणाला पडतो.

मूडबद्दलचा एक फार मोठा अभ्यास डेन्मार्कचा, २०१६ साली प्रसिद्ध झालेला. १५ ते ३४ वयाच्या दहा लाखांहून जास्त बायकांच्या नोंदी. एकत्रित गोळी घेणाऱ्यांमध्ये डिप्रेशनचं औषध पहिल्यांदा सुरू होण्याचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या १.२३ पट होतं. १५ ते १९ वयाच्या मुलींत ते १.८ पट. हे पट वाचून छातीत धस्स होतं, म्हणून मूळ आकडेही सांगते: वर्षाला शंभर बायकांमागे न घेणाऱ्यांत साधारण १.७ आणि घेणाऱ्यांत २.२. म्हणजे बहुसंख्य बायकांना काही होत नाही. पण ज्यांना होतं त्यांना "तुझ्या मनाचे खेळ आहेत" असं म्हणणं चूकच.

नोंदींच्या अभ्यासात एक अडचण राहते. गोळी सुरू होण्याच्या वयात आयुष्यात आणखी पुष्कळ काही सुरू होत असतं, आणि पीसीओडीत उदासी मुळातच जास्त आढळते. म्हणून मला स्वीडनचा २०१७चा प्रयोग महत्त्वाचा वाटतो. ३४० निरोगी बायका, निम्म्यांना लेव्होनॉर्जेस्ट्रेलवाली नेहमीची गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली, तीन महिने. कुणाला काय मिळतंय ते बायकांनाही माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. डिप्रेशनच्या लक्षणांत लक्षणीय फरक दिसला नाही. पण एकंदर बरं वाटणं, उत्साह, स्वतःवरचा ताबा हे खऱ्या गोळीच्या गटात कमी झालं. माझ्याकडे तासानंतर थांबणाऱ्या मुली नेमकं हेच सांगत असतात. आजारी नाही, पण पूर्वीसारखं नाही.

स्मरणशक्तीचं चित्र मात्र बरंच धूसर आहे. कॅलिफोर्नियात २०११ साली एक भावनिक गोष्ट चित्रांतून दाखवली. आठवड्याने विचारलं तर गोळी घेणाऱ्यांना गोष्टीचा गाभा चांगला आठवला, न घेणाऱ्यांना बारीक तपशील. दोघींची आठवण शाबूत, ठेवण वेगळी. लिथुआनियातल्या एका अभ्यासात पटापट शब्द आठवून सांगण्यात गोळीवाल्या थोड्या मागे पडल्या. जर्मनीत ग्राइफ्सवाल्डला २०१९ मध्ये चेहऱ्यावरचे गुंतागुंतीचे भाव ओळखायला लावले, त्यात गोळीवाल्यांना सुमारे दहा टक्के कमी जमलं. साध्या आनंद-रागात फरक नव्हता. ताणाखाली कॉर्टिसॉल जितकं वाढायला हवं तितकं गोळीवाल्यांत वाढत नाही, हे मात्र १९९०च्या दशकापासून अनेकदा दिसलं आहे. गट लहान, गोळ्या वेगवेगळ्या, चाचण्या वेगळ्या. यातून "गोळीने बुद्धी कमी होते" असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. "गोळीचा मेंदूशी काय संबंध" हेही खरं नाही.

तुमचे अनुभव लिहा, चांगलेही आणि वाईटही. गोळीतल्या घटकाचं नाव माहीत असेल तर तेही लिहा, कारण प्रोजेस्टिन बदललं की अनुभव बदलतो.

आर्या_के

रेणुकाताई, लॉगिन करून लिहितेय फक्त यासाठी. सायप्रोटेरॉनवाली गोळी, वय एकोणीस, पीसीओडी. चेहरा दोन-तीन महिन्यांत स्वच्छ झाला. सगळे म्हणायचे किती छान दिसतेस. आणि मी हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन रडत बसायचे, का ते मलाच माहीत नाही. अभ्यासिकेत चार-चार तास पुस्तक उघडं आणि एक पान पुढे सरकत नाही. मी स्वतःला आळशी समजत राहिले. दुसऱ्या गायनॅकने विचारलं, "झोप कशी आहे, मन कसं आहे?" तेव्हा मी तिथेच रडले. त्यांनी गोळी थांबवली, आहार-व्यायाम आणि मेटफॉर्मिनवर ठेवलं. हळूहळू पूर्ववत झाले. पुरळ परत आलं, पण ते चालेल.

स्वप्नजा

आर्या, तुझ्याबद्दल वाईट वाटलं. पण मी दुसरी बाजू मांडते, कारण असे धागे वाचून बायका तडकाफडकी गोळ्या सोडतात.

मला पाळीआधीचे आठ-दहा दिवस नरक असायचे. नुसती चिडचिड नव्हे. नवऱ्यावर वस्तू फेकणं, जीव द्यावासा वाटणं. पाळी आली की दुसऱ्या दिवशी मी पुन्हा माणसात. त्याला पीएमडीडी म्हणतात हे मला पस्तिशीत कळलं. ड्रोस्पायरेनोनवाली गोळी, २४ दिवस औषध आणि ४ दिवस रिकामी, अशी सुरू झाली आणि माझं घर वाचलं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, ही गोळी २००६ साली पीएमडीडीसाठी मान्य केलेली आहे. म्हणजे गोळी मेंदूवर काम करते हे मलाही मान्य आहे. माझ्या बाबतीत तिने ते माझ्या भल्यासाठी केलं.

आणि भीतीचे परिणाम खरे असतात. १९९५च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमध्ये काही गोळ्यांनी गुठळ्या जास्त होतात असा सरकारी इशारा निघाला. धोका मुळात लहान होता, पण बायकांनी घाबरून अर्ध्यातच पाकिटं टाकली आणि पुढच्या वर्षी तिथे गर्भपातांची संख्या वाढली. तेव्हा प्लीज मथळ्यांनी घाबरू नका.

रेणुका_नाशिक

स्वप्नजाताई, तुमचा प्रतिसाद धाग्यात हवाच होता. एकीचं घर वाचलं, एकीचं वर्ष गेलं, गोळ्यांची जातकुळी एकच. म्हणून तर आधी विचारणं आणि नंतर ऐकणं दोन्ही हवं.

पराग_ठाणे

माफ करा, बाप्या इथे लिहितोय. बायकोने एक बातमी पाठवली होती, 'गोळीने मेंदू लहान होतो'. ती घाबरली आहे. त्यात कितपत तथ्य?

रेणुका_नाशिक

परागदादा, माफी कशाची, उलट बरं वाटलं. ती बातमी न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनच्या अभ्यासावरची असणार. २०१९ साली रेडिओलॉजीच्या मोठ्या परिषदेत मांडला गेला. ५० बायकांचे एमआरआय, त्यात २१ गोळी घेणाऱ्या. त्यांचा हायपोथॅलॅमस सरासरीने सुमारे सहा टक्क्यांनी लहान दिसला. पण त्यांच्या आकलनाच्या चाचण्यांत लक्षणीय फरक नव्हता. आणि गोळी घेण्याआधीचा फोटो कुणाचाच नव्हता, त्यामुळे गोळीने लहान झाला असं त्यातून ठरत नाही.

२०१०चा ऑस्ट्रियातला झाल्झबुर्गचा अभ्यास बघा, तिथे गोळी घेणाऱ्यांत मेंदूचे काही भाग मोठे दिसले. कॅनडात माँट्रियलला २०२३ मध्ये भीतीवर ताबा ठेवणाऱ्या पुढच्या भागाची जाडी गोळी चालू असणाऱ्यांत कमी आढळली, पण पूर्वी घेऊन सोडलेल्यांत नाही. म्हणजे बदल असला तर तो परतणारा असावा असं ते संशोधक म्हणतात. वहिनींना सांगा की गरोदरपणातही मेंदूच्या करड्या द्रव्यात बदल होतात. २०१६च्या एका अभ्यासात ते प्रसूतीनंतर दोन वर्षांनीही दिसत होते, तेही गोळीच्या अभ्यासांपेक्षा कितीतरी ठळक. मेंदूचा आकार बदलला म्हणजे बिघडला असं नसतं.

मला यातली सर्वांत धीराची मंडळी कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराच्या विद्यापीठातली वाटतात. लॉरा प्रिचेट नावाच्या संशोधक विद्यार्थिनीने स्वतःचाच मेंदू नैसर्गिक चक्रात रोज असा ३० दिवस तपासून घेतला, आणि पुढे गोळीवर असताना पुन्हा ३० दिवस. रोज रक्तही दिलं. एमिली जेकब्ज यांची ती प्रयोगशाळा. त्यांनीच मोजलं की १९९०च्या दशकापासून मेंदूच्या चित्रणावर सुमारे ५०,००० शोधनिबंध निघाले, त्यांत गोळी, पाळी, गरोदरपण, रजोनिवृत्ती असल्या बायकांच्या बाबी विचारात घेणारे अर्धा टक्काही नाहीत. मला राग येतो तो इथे. कोट्यवधी बायका साठ वर्षांहून जास्त काळ जे औषध घेताहेत, त्याच्याबद्दल एका मुलीला स्वतःला यंत्रात घालून माहिती गोळा करावी लागते.

डॉ_मीनल_एस

स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, सांगलीकडे प्रॅक्टिस. धागा चांगला आहे. आमच्या ओपीडीत एका पेशंटला पाच-सात मिनिटं मिळतात आणि त्यात मूड विचारायचा राहतो, हे मान्य. राहू नये.

पण मेंदूचा विषय काढलाय तर जे खरोखर जिवावर बेतू शकतं ते आधी लिहा. स्मरणशक्तीत फरक पडला तर आपण गोळी बदलू. मेंदूच्या शिरेत गुठळी झाली तर तासांचा हिशेब असतो.

इस्ट्रोजेन असलेल्या गोळीने रक्त गोठण्याची शक्यता वाढते. एकत्रित गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या १०,००० बायकांत वर्षाला १ ते ५ जणींना शिरेत गुठळी होते, गोळीवर ३ ते ९. गरोदरपणात ५ ते २० आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत ४० ते ६५. म्हणजे गोळीचा धोका गरोदरपणापेक्षा कमी, पण शून्य नाही. पस्तिशीपुढे धूम्रपान, वाढलेलं बीपी, घरात कमी वयात गुठळी झालेलं कुणी, अशा वेळी आम्ही एकत्रित गोळी टाळतो.

अर्धशिशी असेल तर एक प्रश्न स्वतःला विचारा. डोकं दुखायच्या आधी डोळ्यांसमोर नागमोडी चमकत्या रेषा येतात का, नजरेचा एखादा तुकडा गायब होतो का, हातात किंवा ओठाजवळ मुंग्या सरकत जातात का? याला ऑरा म्हणतात. ऑरा असलेल्या बाईला इस्ट्रोजेनवाली गोळी द्यायची नाही, कोणत्याही वयात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत ती सर्वांत वरच्या धोक्याच्या, चौथ्या वर्गात आहे. कारण पक्षाघात. हे बायका आपणहून सांगत नाहीत, 'पित्ताचं डोकं' म्हणून सोडून देतात. म्हणून मी कागदावर रेषा काढून दाखवते आणि विचारते.

आता गणपतीत पाळी पुढे ढकलायला घेतात त्या गोळ्या. गौरी, सत्यनारायण, वास्तुशांत, वारी, लग्न. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय नोरेथिस्टेरॉन ५ मिलीग्रॅम आणायची, दिवसातून दोनदा-तीनदा घ्यायची, पूजा होईपर्यंत. बायकांना वाटतं ही साधी गोळी. पण या मात्रेत तिचा थोडा भाग शरीरात इथिनाइल इस्ट्राडायोलमध्ये बदलतो. दिवसाला १० ते २० मिलीग्रॅम म्हणजे त्या हिशेबाने जवळपास २० ते ३० मायक्रोग्रॅमच्या एकत्रित गोळीइतकं. म्हणजे बहुतेकींना चालेल, पण ज्यांना एकत्रित गोळी चालत नाही त्यांना हीही चालत नाही. त्यात उपास, दिवसभर पाणी न पिणं, उन्हात पायी चालणं आलं की रक्त घट्ट. सणासुदीच्या दिवसांत न्यूरोच्या वॉर्डात मेंदूच्या शिरेत गुठळी झालेल्या तरुण बायका येतात आणि विचारल्यावर ही गोळी निघते.

लक्षणं लक्षात ठेवा: दिवसेंदिवस वाढत जाणारी, पडल्यावर किंवा वाकल्यावर जास्त होणारी, पूर्वी कधी नव्हती अशी डोकेदुखी, उलट्या, धूसर किंवा दुहेरी दिसणं, फिट, एका बाजूचा हातपाय जड होणं, बोलणं अडखळणं. यातलं काहीही असलं तर क्रोसिन घेऊन झोपायचं नाही. थेट इस्पितळ, आणि पहिल्याच वाक्यात "मी पाळीची गोळी घेतेय" हे सांगायचं. सासूबाई समोर असल्या तरी सांगायचं.

कोकणकन्या

डॉक्टर, अंगावर काटा आला. आमच्याकडे गणपतीच्या आधी मोठ्या जाऊबाई मुंबईहून येताना सगळ्यांसाठी ती पाकिटं घेऊन येतात. पाच दिवस, कुणाचे दीड दिवस, कुणाचे अनंत चतुर्दशीपर्यंत. मला अर्धशिशी आहे, रेषा दिसतात. आजवर कुणीच विचारलं नव्हतं. वाचनखूण साठवली, आणि घरच्या ग्रुपवर टाकतेय. मुळात पाळीत पूजा का चालत नाही हा वेगळा विषय, त्यावर इथे भांडत नाही.

डॉ_मीनल_एस

कोकणकन्या, यंदा नको. रेषा दिसतात हे तुमच्या प्रत्येक डॉक्टरला सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या.

निशिगंधा_वि

मला लहानपणापासून फिट्स आहेत. लॅमोट्रिजीनवर वर्षानुवर्षं एकही फिट नव्हती. लग्नानंतर गोळी सुरू केली आणि काही आठवड्यांत ऑफिसात पडले. दोन डॉक्टर, दोघांनी आपापलं औषध बरोबर दिलेलं, दोघांना एकमेकांचं माहीत नव्हतं. हा मेंदूचाच प्रश्न ना? म्हणून लिहिलं.

डॉ_मीनल_एस

अगदी मेंदूचाच. इथिनाइल इस्ट्राडायोलमुळे लॅमोट्रिजीन शरीरातून लवकर बाहेर जातं, रक्तातली पातळी निम्म्यावर येऊ शकते. रिकाम्या गोळ्यांच्या आठवड्यात पुन्हा चढते, तेव्हा चक्कर, तोल जाणं होतं. कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन या फिटच्या औषधांचं उलट आहे, ती गोळीचा परिणाम कमी करतात आणि दिवस राहू शकतात. टीबीच्या रिफॅम्पिसिनचंही तसंच. अशा बायकांना कॉपर-टी हा उत्तम पर्याय. तिचा ३८०ए हा प्रकार दहा वर्षं चालतो, सरकारी दवाखान्यात मोफत बसवतात, हार्मोन नाही. फिटच्या गोळ्या मनाने कमी-जास्त मात्र कुणी करू नका.

सिस्टर_मंगल

मी एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका आहे, उपकेंद्रावर. आमच्याकडे माला-एन आणि छाया या गोळ्या आहेत, अंतरा इंजेक्शन आहे, कॉपर-टी आहे. तुमच्या शहरातल्या पीसीओडीच्या गोळ्या आमच्या बायकांना माहीत नाहीत. त्यांना पाळणा लांबवायचा असतो आणि घरात गोळीचं पाकीट सापडायला नको असतं. म्हणून अंतरा मागतात, तीन महिन्यांनी एकदा दंडावर घेतलं की झालं, कुणाला कळत नाही. आता एका बाईच्या मुलाने मोबाईलवर वाचून दाखवलं की या इंजेक्शनने मेंदूत गाठ होते. दोघी-तिघी पुढचा डोस घ्यायला आल्याच नाहीत. त्यांना काय सांगू ते खरं सांगा. बंद करून त्या दुसरं काहीच वापरणार नाहीत हे मला पक्कं माहीत आहे.

रेणुका_नाशिक

मंगलताई, या धाग्यावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तुमचा. मी जे वाचलंय ते सांगते, डॉक्टर मीनल पुढे बोलतील.

अंतरात मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन असतं, २०१७पासून ते सरकारी कार्यक्रमात आहे. बातमी २०२४च्या फ्रेंच अभ्यासाची. मेनिन्जिओमा म्हणजे मेंदूच्या आवरणाची गाठ, बहुतेक वेळा कर्करोगाची नसलेली, सावकाश वाढणारी. वर्षभर किंवा जास्त हे इंजेक्शन घेणाऱ्यांत त्या गाठीची शस्त्रक्रिया करावी लागण्याची शक्यता साडेपाच पटीच्या आसपास निघाली. पण त्यांनी तपासलेल्या १८,०६१ शस्त्रक्रियांत हे इंजेक्शन घेतलेल्या बायका फक्त ९ होत्या, कारण फ्रान्समध्ये ते फार कमी वापरलं जातं. गाठ मुळात दुर्मिळ, म्हणून दुर्मिळाच्या साडेपाच पट म्हणजेही थोडकंच. त्याच अभ्यासात लेव्होनॉर्जेस्ट्रेलच्या गर्भाशयात बसवायच्या साधनाने धोका वाढलेला दिसला नाही.

डॉ_मीनल_एस

बरोबर. मंगलताई, बायकांना असं सांगा: एखादा डोस घेतल्याने गाठ होत नाही. वर्षानुवर्षं सलग घ्यायचं असेल तर मध्ये एकदा डॉक्टरांना दाखवून दुसरा पर्याय विचारात घेऊ. डोकं सतत दुखत असेल, नजर कमी होत असेल, फिट आली असेल तर लगेच सांगा. आणि ज्यांना ही गाठ आधी झालेली आहे त्यांना हे इंजेक्शन नको. पण डोस चुकवून काहीच न वापरणं हा सगळ्यात धोक्याचा मार्ग. दोन बाळंतपणांत अंतर नसलेल्या, अंगात रक्त नसलेल्या बाईला गरोदरपणाचा धोका या गाठीपेक्षा कितीतरी मोठा.

छायाबद्दल कुणीतरी विचारेलच म्हणून. ती लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेने शोधलेली ऑर्मेलॉक्सिफेन, सुरुवातीला आठवड्यातून दोनदा तीन महिने, मग आठवड्यातून एकदा. ती स्टिरॉइड हार्मोन नाही, बीजांड बाहेर पडणं सहसा थांबवत नाही. मात्र इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरवरच काम करते, त्यामुळे डोकेदुखी, मूड यांची विचारपूस तिथेही करायचीच.

सिस्टर_मंगल

समजलं. उद्याच घरी जाऊन भेटते. डोकेदुखी आणि नजर, हे दोन प्रश्न आता रजिस्टरच्या समासात लिहून ठेवते, प्रत्येकीला विचारायला.

मृण्मयी_डीके

कोपनहेगनहून. वर डेन्मार्कच्या अभ्यासाचा उल्लेख आहे म्हणून थोडी भर. इथे १९६८पासून प्रत्येकाला एक व्यक्तिक्रमांक असतो. औषधाच्या दुकानात चिठ्ठीवरची प्रत्येक गोळी त्या क्रमांकावर चढते, इस्पितळाची नोंदही त्यावरच. म्हणून दहा लाख बायकांची गोळी आणि डिप्रेशनचं औषध जोडून बघता येतं. आपल्याकडे चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या गोळ्यांचा माग कुठेच राहत नाही. मंगलताईंचं रजिस्टर म्हणूनच मोलाचं आहे.

आणखी एक. गोळीच्या पहिल्या मोठ्या चाचण्या १९५६ साली प्वेर्तो रिकोतल्या गरीब वस्तीत झाल्या. तिथल्या डॉक्टर एड्रिस राइस-रे यांनी लिहून दिलं होतं की गोळी दिवस राहू देत नाही, पण १७ टक्के बायकांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी, उलट्या होतात, एवढे त्रास स्वीकारता येणार नाहीत. चाचणी घेणाऱ्यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. त्या गोळीत १० मिलीग्रॅम प्रोजेस्टिन होतं, आजच्या गोळीत त्याच्या कितीतरी पट कमी असतं. औषध सुधारलं, पण बायकांच्या तक्रारीकडे बघायची नजर तितकी सुधारलेली नाही.

आर्या_के

+१ मृण्मयीताई.

अनामिक_१९

मी पुण्यात एमपीएससीचा अभ्यास करते. पीसीओडीसाठी गोळी चालू आहे, पाकिटावर इथिनाइल इस्ट्राडायोल आणि ड्रोस्पायरेनोन लिहिलंय. दीडेक महिना झाला. सकाळी उठावंसं वाटत नाही, रूममेटच्या बोलण्याने डोळ्यांत पाणी येतं. स्वप्नजाताईंना याच घटकाने बरं वाटलं आणि मला असं का होतंय? मेन्स जवळ आलीय. आजपासून गोळी बंद करू का? डॉक्टरांना कसं सांगू, त्या नेहमी घाईत असतात.

स्वप्नजा

बाळा, माझा त्रास पाळीआधी हार्मोन वरखाली होण्याचा होता, गोळीने तो चढउतार सपाट केला. तुला तो त्रास मुळात नसेल तर सपाट होण्याने तुझं काही बरं व्हायचं नव्हतंच. एकच घटक दोघींना सारखा लागू पडेल असं नाही. आणि कधीही जीव नकोसा वाटला तर थांबायचं नाही, टेलिमानसच्या १४४१६ वर फोन कर, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. रूममेटला आजच सांगून ठेव.

डॉ_मीनल_एस

अनामिक, मळमळ, स्तन दुखणं, मधेच रक्ताचे डाग दिसणं असे त्रास पहिल्या दोन-तीन महिन्यांत बरेचदा आपोआप जातात. मन खचणं मात्र त्या यादीत घालून वाट बघत बसायचं नाही. या आठवड्यात डॉक्टरांना भेट. गोळी अर्ध्यात थांबवली तर रक्तस्राव होतो, त्याने घाबरू नकोस; जीव नकोसा वाटत असेल तर भेटीची वाटही बघू नकोस, फोन करून लगेच थांबव. गर्भनिरोधनासाठीही तिच्यावर अवलंबून असशील तर त्या दिवसापासून निरोध वापरायला हवं.

घाईतल्या डॉक्टरला कसं सांगायचं: दारातून आत गेल्यावर पहिलं वाक्य हेच. "गोळी अमुक तारखेला सुरू केली, अमुक दिवसांनी उदासी सुरू झाली, आधी नव्हती." तारखा ऐकल्या की आम्ही मान वर करतो. पूर्वी कधी डिप्रेशन होतं का, आईला-बहिणीला गोळीने असं झालं होतं का, तेही सांग. पीसीओडीला गोळी हा एकच इलाज नसतो. वर्षातून चार-पाच वेळा पाळी येत राहावी यासाठी महिन्यातले ठरावीक दिवस घ्यायचं प्रोजेस्टेरॉन आहे, मेटफॉर्मिन आहे, दुसऱ्या प्रोजेस्टिनची गोळी आहे. थायरॉईड, बी-१२ आणि हिमोग्लोबिनही बघून घ्या; अभ्यासिकेतल्या मुलींत ही दोन-तीन कारणं गोळीच्या जोडीला हमखास निघतात आणि डोकं चालेनासं वाटण्यात त्यांचाही वाटा असतो.

अनामिक_१९

धन्यवाद डॉक्टर, स्वप्नजाताई. शुक्रवारची वेळ घेतली. रूममेटशी बोलले, ती सोबत येतेय. पाकीट बरोबर न्यायचं की फोटो चालेल?

डॉ_मीनल_एस

पाकीटच ने. मागच्या बाजूला घटक आणि मात्रा दोन्ही छापलेलं असतं, आणि किती गोळ्या झाल्या तेही त्यावरून कळतं.